मामाला गेलेली छापील नोटीस

३ जून

चि. धाकटीस अ. उ. आ.

कारखाना स्वखुशीने बंद करण्याच्या ठरावावर सही करून पाठवलास, पोचला. कोर्ट याला समापन म्हणतं. ऐकायला व्याख्यानमालेचं वाटतं. पण मधेच माशी शिंकली. पितळेचे पत्रे पुरवणाऱ्या आपल्या सख्ख्या मामाने अर्ज केलाय, की त्याची बाकी थकली आहे, तेव्हा कंपनी कोर्टानेच ताब्यात घेऊन बंद करावी. तसं झालं तर दाराला सील, बिजागऱ्यांची यंत्रं लिलावात, आणि तेवीस कामगारांचे पैसे वर्षानुवर्षं लटकणार. अठराला सुनावणी. मी दिवसभर येरझारा घालतो. फोरमन म्हणतो, साहेब, बसा, फरशी झिजेल.

मामाचं मी काय घोडं मारलं? इतर धनकोंसारखी त्यालाही रीतसर नोटीस धाडली होती.

लोभ आहे तेवढाच ठेव. वाढलेला कोर्ट जप्त करील.

दादा

९ जून

ती. दादास सा. न.

रीतसर म्हणजे छापील ना? श्री./श्रीमती यातलं एकही न खोडता? काल तुला न सांगता तिकडे येऊन मामाला भेटले. नोटीस त्याने टेबलाच्या काचेखाली ठेवलीय, फोटो ठेवावा तशी. म्हणाला, ज्याला खांद्यावर बसवून कारखाना दाखवला, त्याचा कारखाना बंद होतोय हे मला पोस्टमनने सांगावं? पैशांचं नावही काढलं नाही. तू दहा श्लोक घडाघडा म्हणशील, पण मामासमोर एक वाक्य बोलवत नाही तुला. लगेच जा. वहिनीला नेऊ नकोस, तिच्या आड लपशील.

माया असू दे, राग सवडीने कर.

धाकटी

१९ जून

चि. धाकटीस अ. उ. आ.

गेलो होतो. ते एक वाक्य बाहेर यायला दोन कप चहा लागला. अर्ज मात्र त्याने मागे घेतला नाही. म्हणाला, वकिलाला फी दिलीय, निदान कोर्ट तरी बघू दे. काल न्यायाधीशांनी हरकत विचारली, तेव्हा वकिलाला खाली बसवून स्वतः उभा राहिला. भाच्यालाच बंद करू द्या, आधी कामगारांचं द्या, मी थांबतो, म्हणाला. मंजुरी मिळाली. संध्याकाळी किल्ल्या अवसायकाच्या, म्हणजे कंपनी गुंडाळायला नेमलेल्या माणसाच्या, हातात दिल्या. त्याला दोनदा मागाव्या लागल्या.

बाहेर मामाने विचारलं होतं, आता सकाळी जाणार कुठे? आज साडेसातला पाय आपोआप निघाले आणि त्याच्या दुकानाशी थांबले. त्याने काही न विचारता खुर्ची सरकवली. उद्याही ये, असं म्हणाला नाही. मी जाणार आहे.

लोभ वाढवायला आता हरकत नाही.

दादा