ताईच्या फोटोतून मला पुसलं, त्याबद्दल

प्रिय ताई,

परवा रविवारी, सकाळी ठीक अकरा वाजता, रत्नागिरीत सूर्य पूर्वेला मावळला. तुझ्या फोटोत! तू गेल्यावर छायाचित्र मंडळाने तुझ्या नावाने भरवलेल्या प्रदर्शनात, दारासमोरच्याच भिंतीवर. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही, म्हणून हे पत्र.

कुठला फोटो, सांगू? गेल्या भाद्रपदात गावाबाहेरच्या सड्यावर, त्या उघड्या कातळमाळावर, समुद्र पाठीशी ठेवून पूर्वेकडे तोंड करून काढलेला, तुझा शेवटचा. काळा कातळ, त्यात साचलेलं पाणी, इवली जांभळी फुलं, वर राखाडी आभाळ. आणि लांबवर, अंगठ्याएवढी, छत्री घेतलेली मी. त्या आभाळासाठी किती पहाटे उठवलंस मला! ऊन आलं की म्हणायचीस, "चल घरी. कातळाचा रंग मेला."

तुझ्या लाडक्या शिष्याने, मिलिंदने, तिथे केशरी मावळतीचं आभाळ चिकटवलंय. आणि मला काढून टाकलंय!

"मी कुठाय?" मी विचारलं.

"मावशी, तेवढं एक डिस्ट्रॅक्शन होतं, ते घालवलं. बघा, फोटो कसा क्लीन झाला!"

"ते डिस्ट्रॅक्शन तुझ्यासमोर उभं आहे."

तर हसला. मंडळाच्या कॅलेंडरवरही हाच छापायचाय म्हणे. मूळ फोटो मागितला, तर "कॉम्प्युटरवर असेल कुठेतरी." असेल! माझ्याकडे त्याची प्रत नाही, ताई. कॅमेऱ्यातलं कार्ड तूच त्याच्याकडे देऊन ठेवलंस. एवढा विश्वास माझ्यावर कधी टाकलास का?

तुझ्याबरोबर हिंडणं म्हणजे काय सुख होतं? भाट्याच्या किनाऱ्यावर वाऱ्यात उभं राहून लेन्सवरचं खारं पाणी पुसायचं काम माझं. कॅमेरा पिशवीतून काढण्याआधी तू नुसती फिरायचीस, वाकायचीस, एकदा तर ओल्या वाळूत पालथी पडलीस. एक कोळीण थांबून म्हणाली, "बाईंचं काय हरवलंय?" मी म्हटलं, "डोकं."

मग तुझी हाक. "शाले, त्या खडकापाशी जा. हलू नको गो! तू असलीस म्हणजे कळतं, सडा केवढा आहे ते." म्हणजे मी तुझी मोजपट्टी! आणि दर वेळी पाठमोरी. एकदा चिडून विचारलं, "माझं तोंड इतकं वाईट आहे?"

"आहेच. पण तोंड दिसलं की लोक तोंडच बघतात. पाठ दिसली की तू बघतेस तिकडे बघतात."

एकाच कॉन्व्हेंट शाळेत, त्याच सिस्टरांकडे शिकलो आपण. माझी जीभ तिखट म्हणून मी शिक्षा भोगली, तू मात्र सुटायचीस. कशी गं?

आज पहाटे तुझा कॅमेरा घेऊन मी सड्यावर गेले. आभाळ तुला हवं तसंच होतं. तू सांगायचीस ते सगळं केलं. आधी फिरले, गुडघे कुरकुरत असताना खाली बसले, पुढ्यात पाणी घेतलं. फोटो बरा आला. पण तो अख्खा सडा आहे की परसातली ओली पायरी, कळेना. समोर उभं करायला कोणी नव्हतं. तरी बराच वेळ थांबले. कोणाची वाट बघत होते, सांगू?

घरी येऊन मिलिंदला पत्र लिहिलं, मंडळात स्वतः नेऊन दिलं, पोच घेतली. जन्मभर कचेरीत स्मरणपत्रं लिहिली, तो हात अजून शाबूत आहे. मूळ फोटो शोधा, भिंतीवर तोच लावा, कॅलेंडर थांबवा. सापडत नसेल तर तसं लिहून द्या.

तुला शब्द देते, त्या खोट्या सूर्याखाली तुझं नाव राहू देणार नाही. वेळ आली तर खुर्चीवर चढून ती फ्रेम मीच उतरवीन. त्या सकाळी आपण दोघी तिथे होतो, तू कॅमेऱ्यामागे आणि मी पुढे. हे पुसायचा अधिकार कोणाला नाही.

मुदत दिली आहे शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत. उत्तर लेखी हवं, सहीनिशी. घरी येऊन पाया पडला, तरी मी ते उत्तर म्हणून धरणार नाही.

तुझी,
शालू