साच्याच्या पट्टीने मोजलेली खोली

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? वहिनींना सांग, त्यांनी पाठवलेलं तेल मी रोज चोळतो. (चोळत नाही, पण तसं सांग.)

पत्रास कारण की आपल्या गल्लीचा रंग बदलला. नगरपालिकेच्या नकाशात आपण इतकी वर्षं जांभळे होतो, म्हणजे कारखानेवाले. आता पिवळे झालो, म्हणजे राहत्या घरांचे. मी सकाळी उठून हात बघितले, ते आपले काळेच. समोरच्या ओतशाळेत हल्ली कॉफी मिळते. भट्टी होती नेमक्या त्याच जागी खुर्ची ओढून बसलो, तर पाठ आपोआप शेकायला लागली. (भट्टी विझून नऊ वर्षं झाली, मला ठाऊक आहे.) डोळे मिटले की वाळू चाळल्याचा आवाज येतो, उघडले की एक मुलगी विचारते, काका, साखर किती. बराच वेळ मी उघडलेच नाहीत.

तर मागे लिहिलं तसं, बिल्डर आपली लाकडी साचे करायची शेड पाडून मनोरा बांधणार आणि बदल्यात चौदाव्या मजल्यावर खोली देणार. शेड दोघांची, म्हणून सह्या दोघांच्या हव्यात. तोवर तिला कुणी हात लावू शकत नाही. नमुन्याची खोली त्यांनी मांडून ठेवली आहे, ती बघायला गेलो आणि खिशातून पट्टी काढून मोजली. बारा फुटांत दीड इंच गायब! मी असा काही आवाज चढवला की गल्लीतले शिंपीकाका आणि कुलूपवाला धावत आले, आणि शिंप्याने बाह्यासुद्धा वर केल्या. बिल्डरकडची इंजिनीअर मुलगी शांतपणे तिचं यंत्र घेऊन आली. बारा फूट, चोख. मग तिने माझी पट्टी हातात घेऊन विचारलं, "काका, ही कुठली?"

दादा, ती आपली साच्याची पट्टी होती. लोखंड निवताना आकसतं, म्हणून फुटामागे इंचाचा आठवा हिस्सा मोठी केलेली, म्हणजे बारा फुटांत बरोबर दीड इंच. तूच नाही का पहिल्या दिवशी कान पिळून शिकवलंस? चाळीस वर्षं खिशात तीच, दुसरी पट्टी असते हेच विसरलो. तोंड लपवायला जागा नव्हती. शिंपीकाकांनी गुपचूप बाह्या खाली केल्या.

तेव्हा खोली पुरेशी आहे, हवा भरपूर आहे. सोबतच्या कागदावर सही करून लगेच धाड. महिनाअखेर मुदत आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. कागद पाकिटात घालायचा राहिला. मागच्या दोन्ही पत्रांत राहिला होता. तूही विचारलं नाहीस, बरं केलंस.

आणखी एक. सही इथे येऊनच कर. तुझं स्टूल पुसून ठेवलंय, सागाची एक फळीही शिल्लक आहे. शेड पडायच्या आधी दोघं मिळून एक शेवटचा साचा करू, कशाचा ते तू ठरव. मला एकट्याला करमत नाही रे. पट्टी मात्र तुझी आण, माझी त्या मुलीने बघायला मागितली आणि मी देऊन बसलो.