कॅमेऱ्याच्या कडेला

चिरंजीव राजास,

त्या कॅमेरावाल्याला काय धाड भरलीय कोण जाणे, सतत फुटबॉलच्या मागे! तू मैदानाच्या कडेला पाससाठी ताटकळतोस आणि मी इथे मोबाइलच्या कडेला डोळे लावून बसते. कधी तुझा खांदा दिसतो, कधी नुसते बूट.

काल मात्र कॅमेरा तुझ्यावरून हललाच नाही. तू गुडघा धरून पडलास, शर्टात तोंड लपवलंस, मग तुला स्ट्रेचरवरून नेलं. परदेशी क्लबात गेल्यापासून इतका वेळ तू पहिल्यांदाच दिसलास.

नंतर फोनवर म्हणालास, "सर्दी झालीय गं, खेळलोच नाही."

मी म्हटलं, "गरम पाणी पी."

हे पत्र काही मी टाकणार नाही. पण झोपताना गुडघ्याखाली उशी घे रे.

काहीच न पाहिलेली,
आई