दवाखान्यातला सांधा

दि. ११ मे, रविवार

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही इकडे मजेत. धाकटीचा पहिला दात पडला, तो ती पुडीत बांधून गल्लीभर मिरवून आली. उन्हाळा असल्यामुळे एसी बसवायची कामं एकावर एक येताहेत, घास खायला फुरसत नाही. बायको म्हणते, एसीवाल्याच्या घरात पंखा करकरतोय, लोकांना काय तोंड दाखवायचं? पंख्याला तेल घालायचं राहूनच जातं.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी हवापाण्याच्या गप्पा मारून ठेवून दिला. दाजी दिवसभर खुर्चीत बसून असतात, चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरतात, असं तू सांगत होतीस. अचानक असं काय झालं म्हणून विचारत होतीस. काय झालं ते मला माहीत आहे. फोनवर जीभ रेटली नाही, म्हणून लिहायला बसलो.

गेल्या महिन्यात आम्ही दोघांनी दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात एसी बसवला. आतल्या युनिटला तांब्याची नळी जोडायचं काम नेहमीप्रमाणे दाजींचं. नळीचं तोंड खाली धरून कड साफ करायची, म्हणजे कीस आत जात नाही. नट आधी सरकवायचा, मगच तोंड कर्ण्यासारखं फुलवायचं. नट घालायला विसरून नळी फुलवणारा आणि वर त्यांच्या शिव्या खाणारा मीच, हे तुला ठाऊक आहे. मग दोन पाने घ्यायचे, एकाने धरायचं, दुसऱ्याने आवळायचं. नट बसला की हात काढ, पैलवानकी करू नकोस, हे त्यांचं वाक्य तर मी झोपेतही म्हणून दाखवीन.

त्या दिवशी नळी फुलवताना त्यांचा हात थरथरला. मी पाहिलं. सांधा करून ते बाहेरचं युनिट बसवायला गेले. गॅस अजून सोडला नव्हता. मी गुपचूप स्टुलावर चढलो आणि त्यांचा सांधा सोडवला. नळीचं तोंड गोल, गुळगुळीत, नाव ठेवायला जागा नाही. तरी मनात पाल चुकचुकलीच. ते तोंड कापून टाकलं, नवं फुलवलं, आणि कुठे गळायला नको म्हणून पान्यावर सगळा जोर लावला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय! दाजींना यातलं काही कळलं नाही.

थोड्याच दिवसांत बाईंचा फोन आला, खोली गार होत नाही. आम्ही गेलो. सांध्याला साबणाचं पाणी लावलं तर बुडबुडे आले. बाहेर पेशंट बसलेले, आणि त्यांच्यादेखत बाईंनी दाजींना सुनावलं, की हात चालत नसेल तर माणसाने कामं घेऊ नयेत. दाजी एवढंच म्हणाले, "सांधा माझाच आहे, बाई. चूक माझी."

मी शेजारी उभा होतो. मूग गिळून.

नट मीच सोडला. जास्त आवळल्याने नळीची कड चिरली होती. पैलवानकी माझी. दाजींनी खालून विचारलं, काय झालं होतं रे? मी म्हणालो, "थोडा तिरका बसला होता."

तिरका म्हणजे कुणाचा हात हलला, ते त्यांना सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळी हत्यारं पुसून, फडक्यात बांधून माझ्याकडे दिली. तुझा हात माझ्यापेक्षा बरा, म्हणाले. आणि ताई, मी ती घेतली. तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं. चांगलं काम करतो असं त्यांनी मला एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच म्हटलं, आणि मला ते ऐकायला बरं वाटलं. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

त्यांचा हात थरथरतो, हे खोटं नाही. पण त्या हाताने केलेला सांधा चांगला होता, आणि हे कालपर्यंत जगात फक्त मला माहीत होतं.

काल दवाखान्यात जाऊन बाईंना खरं काय ते सांगितलं. परक्या माणसाला सांगणं सोपं जातं. त्यांनी एवढंच विचारलं, "त्या काकांना सांगितलंत का?" मला तिथे उभं राहवेना.

पत्र बायकोबरोबर पाठवतोय. दाजींना समोर बसवून वाच, सुरुवातीपासून, काही गाळू नकोस. मी उद्या सकाळी येतो. ते दार उघडणार नसतील तर तूही उघडू नकोस. बहीण म्हणून माझी बाजू घेऊ नकोस. मी पायरीवर बसून राहीन. आतून शिव्या आल्या तरी चालतील, पण त्यांनी पुन्हा खुर्चीत गप्प बसू नये.

तुझ्या नवऱ्याच्या हातांना चारचौघांत बोल लागू दिला तो,
तुझा धाकटा भाऊ