सतराव्या स्तंभातला तळमजला

नेरुळ, १३ नोव्हेंबर १९९४

ती. आक्कास नंदकुमारचा सा. न. वि. वि.

सोसायटीची सभा चालू आहे आणि फ्लोरिन आत्ताच हरकत घ्यायला उठलाय. फ्लोरिन म्हणजे तळमजल्याचे धर्मराज. हाताला लागेल ते ओढून घेतात: पाणी, जिन्याखालची जागा, माझा पेपर. फळ्यावर मी आवर्त सारणीचा सतरावा स्तंभ काढलाय. सर्वांत वर फ्लोरिन, त्याखाली क्लोरिन, ब्रोमिन, मग आयोडिन. सगळे हॅलोजन. प्रत्येकाच्या बाहेरच्या कक्षेत सात इलेक्ट्रॉन, एक कमी. आपल्या जिन्यातही एकावर एक चार घरं, प्रत्येकात सात माणसं. फक्त इमारत उलटी बांधली गेली. फ्लोरिन तळाला, आणि आयोडिन, म्हणजे आम्ही, तिसऱ्या मजल्यावर. घरांची अदलाबदल करून ही चूक सुधारावी, असा ठराव मी मांडलाय.

आमच्यातलं कमी असलेलं आठवं माणूस तू. तीन मजले तुझ्या गुडघ्यांना झेपत नाहीत, हे मी सभेत बोललो नाही. शास्त्रात गुडघे येत नाहीत.

लोभ आहे तो कमी करू नये.

तुझा नंदू

कराड, १९ नोव्हेंबर

चि. नंदूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शेजारच्या शालनला वाचून दाखवलं. ती म्हणाली, तुमचे भाऊ रिटायर झाले ते शाळेच्या दृष्टीनं बरं झालं. अरे, धर्मराजांच्या दारात जाऊन, बहिणीचे गुडघे गेलेत, घर बदलता का, एवढं विचारायला फळा कशाला लागतो? लहानपणीही पाणी हवं असलं की तू तहान म्हणजे काय ते सांगत बसायचास.

हे गेल्यापासून इथं एकटीला घर खायला उठतं. सत्तावीसला रात्रीच्या एसटीनं निघते. तळमजला मिळाला असला तर राहीन. नाहीतर तशीच पुतण्याकडे इचलकरंजीला जाईन, कायमची. ते नऊ जण आहेत, त्यांच्यात कुणाची उणीव नाही. मेतकूट आणते.

वैजयंतीला आणि मुलांना आशीर्वाद.

आक्का

नेरुळ, २७ नोव्हेंबर, रविवार

ती. आक्कास सा. न.

ठराव मंजूर झाला. धर्मराज आडवे आले होते, पण फ्लोरिनचं स्थान सर्वांत वर आहे म्हटल्यावर ताठ बसले आणि तिसरा मजला आमचाच म्हणाले. पहिल्या मजल्यावरच्या सुनयनाबाई क्लोरिन. क्लोरिन ब्रोमिनला हुसकावतो हे कळताच त्या दुसऱ्या मजल्यावर जायला तयार झाल्या. आयोडिनच्या खाली अ‍ॅस्टॅटिन असतो, पण तो टिकत नाही. त्याच्यासाठी पंपाची खोली राखून ठेवलीय.

आज चारही घरं एकदम हलली. धर्मराजांचं कपाट वर निघालं, आमचं खाली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दोन्ही भेटली आणि घट्ट बसली. आता कोण कुणाला हुसकावणार, हे पुस्तकात नाही. आम्ही वर अडकलोय, धर्मराज खाली.

तू एव्हाना गाडीत असशील. सकाळी हे पत्र दुधाच्या पिशवीतून खाली सोडीन. आक्का, परत जाऊ नकोस.

नंदू

तळमजला, २८ नोव्हेंबर

चि. नंदूस आशीर्वाद.

पिशवी मिळाली. हे पत्र तिच्यातच ठेवते, ओढून घे.

आज सकाळी रिक्षातून उतरले तोच धर्मराजांनी ट्रंक आत नेली. त्यांना गुडघ्यांचं सांगितलं. ते म्हणाले, नंदूभाऊंनी नुसतं विचारलं असतं तरी आमी घर दिलं असतं. मग म्हणाले, आमीपण सातच आहोत, इथंच राहा. मी हो म्हटलं. मेतकूट त्यांनी घेतलं. कपाट निघालं की भेटायला ये.

आक्का