पत्रकातला सहावा मुद्दा

१९ नोव्हेंबर
पत्रकं छापून आली. रंग जरा भडक आहे, पण चालेल. 'शेतात विजेचा झटका बसला तर'. पहिले पाच मुद्दे बाबांकडून घेतलेत: मेन स्विच पाडा, माणसाला हात लावू नका, कोरड्या लाकडानं बाजूला करा, श्वास बघा, लगेच दवाखाना. बाबा जन्मभर लाइनमन होते, विचारायला लांब जायची गरज नव्हती. सहावा मुद्दा माझा. माझ्या यादीतल्या न. १७ वनस्पतीचा (पत्रकात तिचं गावठी नाव आहे) पाला तळपायाला चोळा, रस दोन चमचे पाजा. शेजारी हे औषध सांगणाऱ्या कौतिकाबाईंचा फोटो. खाली कॉलेजचं नाव, त्याखाली माझं.

पीएच.डी.साठी सेनगाव तालुक्यातल्या गावठी औषधांच्या बासष्ट वनस्पती गोळा केल्या, त्यात हीच एक वेगळी. गाइड सर म्हणाले, "मॅडम, तापाखोकल्यावर सगळेच लिहितात. विजेच्या झटक्यावर कुणाकडं आहे? तुमचा थिसिस या एकावर उभा राहील." दिवसभर जमिनीवर पाय नव्हते.

बाबांनी चष्मा लावून पत्रक वाचलं. "सहावं कुठून आणलं?"
"रिसर्च आहे बाबा."
"बरं," म्हणाले आणि पत्रकाची घडी करून खिशात ठेवली.

२३ नोव्हेंबर
पुसेगावच्या पलीकडं, कौतिकाबाईंच्या वाडीत शेतकरी मेळावा. सोयाबीन उरकलंय, हळदीला पाणी चालू, तरी लोक बऱ्यापैकी आले. पाण्याच्या मोटारीच्या प्रत्येक खोलीत एक पत्रक चिकटवा म्हणून सांगितलं. गजाननच्या खोलीत तर मीच चिकटवलं, बराबर स्टार्टरच्या वर. गजानन म्हणजे कौतिकाबाईंचा शेजारी, पस्तिशीचा, हळदवाला. माझा हात पुरेना, तर त्यानं बादली पालथी घालून दिली.

कौतिकाबाईंना वाचता येत नाही. फोटो बघून तोंडाला पदर लावला. "अगं बया, माझं थोबाड काहून छापलं?" मग घरात नेऊन कणकेनं भिंतीला चिकटवलं. बुद्धांच्या फोटोखाली, बरंच खाली. एवढं खाली का, विचारलं. "मंग काय त्यांची बराबरी करू का मी?"
चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. मजा आली आज.

४ डिसेंबर
गजाननला काल सकाळी करंट लागला. हात ओले होते, स्टार्टर दाबायला गेला.

त्याच्या बायकोनं, मीरानं, पत्रकातलं सगळं केलं. मेन पाडला. हात लावला नाही. लाकडानं बाजूला केलं. श्वास चालू होता, शुद्ध नव्हती. पुढं 'लगेच दवाखाना'. पण दवाखाना लांब, गाडी बोलवावी लागणार, आणि न. १७ ओढ्यालाच उगवतं. म्हणून पाचव्याच्या आधी सहावा. दीर पाला आणायला पळाला. वाटला, फडक्यातून गाळला, बेशुद्ध माणसाच्या तोंडात घातला. रस श्वासनलिकेत गेला. ठसका, मग घरघर.

तासभर त्यातच गेला. हिंगोलीतून नांदेडला हलवलंय. व्हेंटिलेटरवर आहे.

हे सगळं मला सरपंचांनी फोनवर सांगितलं. शेवटी म्हणाले, "त्या म्हातारीच्या औषधानं घात केला बघा मॅडम."
मी "अरेरे" म्हणाले. अरेरे!

५ डिसेंबर
विभागप्रमुखांनी बोलावलं होतं. "पत्रकावर 'लगेच दवाखाना' आहे ना? मग आपण सेफ आहोत." हेच वाक्य मी कालपासून मनात घोकत होते. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर किळस आली.

७ डिसेंबर
जेवताना बाबांना विचारलं, करंट लागलेल्याला रस पाजलेला कधी बघितलाय का?
"रस? आमी पाणी बी पाजू देत नव्हतो."
मग ताटाकडं बघत, "मला त्या दिवशीच विचारायचं होतं. ती म्हातारी झटका म्हणली का करंट म्हणली?"
"झटका."
"बसला म्हणली का आला म्हणली?"
वहीत काय लिहिलंय ते आठवायला लागले.
"आपल्याकडची जुनी माणसं लायटीला झटका म्हणत न्हाईत. करंट लागतो, शॉक बसतो. झटका येतो. लेकरांना येतो, तापात, फिट येते तसा."

हात वाळेपर्यंत तशीच बसले ताटावर. मग वही काढली. दोन वर्षांपूर्वीचं पान. वर लिहिलंय: 'झटका मशीन, रानडुकरांसाठी, शेजारच्या तारेला हात लागला माझा, सगळं अंगण हसलं.' त्याखाली तीन ओळी सोडून: 'झटका – न. १७ – पाला, रस २ च.' एवढंच. ना 'बसला', ना 'आला'. थिसिसचा तक्ता भरायला घेतला तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. त्या मशीनच्या, वीज सोडलेल्या कुंपणाची तार डोळ्यासमोर होती, हात झिणझिणलेला आठवत होता. झालं, विजेचा झटका.

त्या दिवशीच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग होतं. पन्नास मिनिटांचं, फोनमध्येच पडून. कधी ऐकलं नाही. वेळ नव्हता म्हणून नाही. मनात मांडे खायला बसलेल्या बाईला चूल पेटलीय का हे बघायचं नसतं.

८ डिसेंबर
ऐकलं. कॉलेजच्या हर्बेरियममध्ये, वाळवलेल्या वनस्पतींच्या खोलीत, दार लावून.

कौतिकाबाईंचा आवाज: "लेकराला झटका आला की घाबरायचं न्हाई. कुशीवर निजवायचं. आधी शुद्धीवर येऊ द्यायचं. मग पाला. शुद्धीवर आल्याबिगर तोंडात थेंब घालायचा न्हाई. व्हय, हे लिही."
मग माझा आवाज: "हो हो, लिहिते."

लिहिलं नाही. वहीत नाही, तक्त्यात नाही, पत्रकात नाही. तिनं हे लिही म्हणून सांगितलं आणि मी हो हो म्हणून पुढच्या झाडाकडं गेले. चौथी शिकलेल्या पोरानंसुद्धा लिहिलं असतं.

सरपंचांना फोन करून सगळी पत्रकं फाडायला सांगितली. "काहून?" म्हणाले. "छपाईत चूक झालीय."
प्रेसवाल्यावर ढकललं. त्या बिचाऱ्यानं मी दिलेलंच छापलं होतं, अक्षर न अक्षर.

(वनस्पतीचं नाव या वहीत अजून आलेलं नाही, पुढंही लिहायचं नाही असं ठरवलंय. न. १७ एवढंच बास. कुणाच्या हाती वही पडली तर पुन्हा कुणी ओढ्याकडं पळायला नको.)

११ डिसेंबर
गाइड सरांना सांगितलं. रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यांनी खिडकी लावून घेतली आधी.
"हे बघा, जानेवारीत सबमिशन आहे. आत्ता काही लिहून देऊ नका. नंतर हळूच एक शुद्धिपत्र देऊ."
"आणि वाडीत लोक कौतिकाबाईंना दोष देऊन राहिलेत, त्याचं?"
"मौखिक माहितीत तफावत येतेच हो. वयस्कर बाई, बोलली असेल काहीतरी."
बोलली आहे सर, स्वच्छ बोलली आहे, तुम्ही आत्ताच ऐकलंत. असं म्हणायला हवं होतं. मी पर्स उचलली आणि "येते सर" म्हणाले. एकेचाळीस वर्षांची प्राध्यापक, आणि पाय धरल्यासारखी उलट्या पावलांनी बाहेर आले.

१४ डिसेंबर
नांदेड. गजानन व्हेंटिलेटरवरून निघाला. न्युमोनिया आहेच. आत सोडत नाहीत, काचेतून बघितलं. पालथ्या बादलीवर मला चढवताना "सांभाळून मॅडम" म्हणाला होता, तोच माणूस का हा, असं वाटलं.

सांगायला गेले होते. बसमध्ये वाक्यं पाठ केली होती. मीरा बाकावर बसलेली, अंगावर त्याच दिवसाची साडी असावी. माझे हात धरले. "मॅडम, तुमी आल्या बघा एवढ्या लांबून. ती म्हातारी शेजारी ऱ्हाऊन फिरकली बी न्हाई. कोण्या तोंडानं येईल म्हणा."
आता सांग, आता सांग.
मी पिशवीतली संत्री काढून दिली.
तिनं एक सोलून मलाच दिलं. खाल्लं मी ते.

१५ डिसेंबर
बाबांना सगळं सांगितलं, संत्र्यासकट. ते एवढंच म्हणाले, "पोलवर चढताना आमी आधी लाइन बंद हाय का ते सोता बघत होतो. दुसऱ्यानं सांगितलेलं खरं धरत नव्हतो." रागावले असते तर बरं वाटलं असतं.

१९ डिसेंबर
वाडीत गेले. हापशावर बाया होत्या, कौतिकाबाई घागर घेऊन आल्या तशा दोघी बाजूला सरकल्या. माझ्याकडं बघून मात्र हसल्या. मॅडम आल्या.

घरात भिंतीवर कणकेचे चार ठिपके राहिलेत. पत्रक त्यांनीच काढलं. वाळवून ठेवलेल्या पाल्याच्या जुड्या उकिरड्यात पुरल्या. आता कुणाला काही देणार नाही म्हणतात.

मी तोंड उघडायच्या आत त्याच बोलल्या. "पोरी, मी असं म्हणले होते का गं? म्हातारपणी याद ऱ्हात न्हाई. पर छापलंय म्हंजे म्हणलेच असंन. तू शिकलेली, तू काय खोटं लिहिशील?"

सांगितलं. या वेळी सांगितलं. काय काय बोलले आठवत नाही, रडत होते आणि रडण्याची पण लाज वाटत होती. फोन काढून रेकॉर्डिंग लावलं. स्वतःचा आवाज त्या मान तिरकी करून ऐकत राहिल्या. माझं 'हो हो, लिहिते' आलं तेव्हा मी जमिनीकडं बघत होते.

रेकॉर्डिंग संपलं. मग, "म्हंजे मी म्हणले नव्हते."
"नाही."
"पंधरा दिस झाले, मी सोताला शिव्या देऊन राहिले. त्या मीराच्या लेकरांसमोरून जाताना मान खाली घालून राहिले."
मी पाया पडायला वाकले तर पाय मागं घेतले. "मला काय सांगती? मला ठावं हाय आता. गावाला सांग."
आज चहा ठेवला नाही.

२२ डिसेंबर
पत्र लिहिलं. चार ओळी. न. १७ ची नोंद चूक, चूक माझी, माहिती देणाऱ्या बाईंची नाही, पत्रक मागे. प्राचार्यांना दिलं, सरांना मेल केलं. न. १७ वरचा माझा लेख जिथं छापून आलाय तिथंही कळवलं.
सरांचा फोन: "तुमच्या हातानं तुमचं नुकसान करून घेताय. माझी सही यावर मिळणार नाही, थिसिसवर पण विचार करावा लागेल."
वाटलं होतं पत्र दिल्यावर हलकं वाटेल. नाही वाटलं. चांगुलपणा केल्याचा जरासा तोरा मात्र आला, तोही लक्षात आला. लाजेतसुद्धा मीपणा सुटत नाही.

२७ डिसेंबर
गजानन घरी आला. चार पावलं चालला की दम लागतो. डॉक्टर म्हणतात फुप्फुस किती भरून येईल आत्ताच सांगता येत नाही. उद्या ग्रामपंचायतीत बोलायचं आहे. सरपंच म्हणाले, "कशाला मॅडम, मिटून चाललंय." कौतिकाबाईंच्या अंगावर टाकून मिटवलंय, तसं मिटायला नको. बाबा सोबत येतो म्हणाले. नको म्हणाले मी.

२८ डिसेंबर
पंचायतीसमोर पारावर साठसत्तर माणसं. गजाननला खुर्ची दिली होती, खांद्यावर शाल. कौतिकाबाई आल्या नाहीत.

उभी राहून सांगितलं. त्यांनी काय सांगितलं होतं, मी काय लिहिलं, काय गाळलं. छपाईची चूक म्हणाले ते खोटं, हेही. सरपंचांच्या माइकसमोर फोन धरून रेकॉर्डिंग ऐकवलं.
मीरा उठली आणि माझ्याकडं न बघता घराकडं गेली. गजाननचा भाऊ, पाला आणायला पळालेला तोच, म्हणाला, "केस करतो तुमच्यावर." मी म्हणाले, करा. गजाननचे नुसते ओठ हलले. आवाज अजून नीट फुटत नाही त्याचा.

लोक पांगले. मी पायऱ्यांवर चपला शोधत होते. एक बाई आली, कडेवर तीनेक वर्षांचं लेकरू, नाक वाहतंय.
"मॅडम, याला येतात झटके. कौतिकाबाई शुद्धीवर आल्यावर रस द्यायची. आता तिनं बंद केलं, दार बी उघडत न्हाई. देऊ का नको तो रस?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. न. १७ झटक्याला लागू पडतो की नाही, लेकराला बाधतो की नाही, किती द्यावा, काही बघितलं नाही. फक्त कोणाच्याच यादीत नाही एवढंच बघितलं.

"मला माहीत नाही," म्हणाले. "तुम्ही रस देऊ नका. दवाखान्यात न्या."
"दवाखान्यात न्या, हे तर कौतिकाबाई बी म्हणायची, दर बारीला," ती म्हणाली. लेकरू दुसऱ्या कडेवर घेतलं. "मंग तुमी काय शोधलं?"

चिडून नाही विचारलं तिनं. खरंच विचारत होती. उत्तराची वाट बघत उभी राहिली.