रांगेत मी चौथी होते

बोरटोली, ता. मोहाडी
१२ डिसेंबर २०२४

प्रिय मालन हिला,
मंदाचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. बावीस वर्षं एका अंगणवाडीत काढली, पण तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नव्हती. तुझ्या दारात येऊन हाक मारली की झालं. आता त्या दाराला कुलूप आहे. हिरालालभाऊंचा दमा कसा आहे? नाकाडोंगरीला जंगल जवळ, थंडी जास्त असेल. आमचं धान मळून झालं. सून अंजूला सातवा महिना लागलाय. नर्सताई केव्हा येतील म्हणून रोज विचारते. तुझ्या प्रतिक्षाची बदली झाली, हे तिला सांगायला माझी जीभ वळत नाही.

मालन, त्या सकाळी आरओच्या पाण्याला रांगेत मी चौथी होते. विमलाबाईचा कॅन भरून वाहत होता आणि ती बाजूला गप्पा मारत होती, हे मी पाहिलं. प्रतिक्षानं तो उचलून बाजूला ठेवला. मग विमलाबाईनं भरलेलं सगळं पाणी ओतून दिलं आणि कॅनचं तोंड, कडी तीनदा धुतली. काकू, काहून धुऊन राहिल्या, असं पोरीनं विचारलं, तर ती म्हणाली की तुले माहीत नाही का काहून ते. तिथून दोघींची ओढाताण झाली आणि कॅन फुटला. सगळं मी ऐकलं.

पण विमलाबाईच्या तक्रारीवर तंटामुक्ती समितीनं विचारलं तेव्हा मी म्हणाले की गर्दी होती, मले काही ऐकू नाही आलं. विमलाबाई माझी सख्खी जाऊ, एक अंगण. घरच्या माणसावर बोट दाखवशील तर भाऊ-भाऊ तुटतील, असं ह्यांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं.

तू मला ओळखतेस. तू मदतनीस म्हणून आलीस तेव्हा तुझ्या हातची खिचडी लेकरांना द्यायला आईबाप तयार नव्हते. सगळ्यांसमोर पहिला घास मी घेतला होता. तेवढ्यावर तरी मला माफ कर.

लोभ आहे तो तोडू नको.
तुझीच,
मंदा


नाकाडोंगरी
२७ डिसेंबर २०२४

सौ. मंदाताई यांना,
मालनचा जयभीम, वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. प्रतिक्षाचे बाबा बरे आहेत. खोली लहान आहे, पण तिघांपुरती होते. बदली प्रतिक्षानं स्वतःच मागून घेतली. विमलाबाईच्या नातवाला सगळे डोस तिनंच दिले, रडणाऱ्या पोराला पोटाशी धरलं. तेव्हा कोणी काही धुतलं नाही.

माझ्याकडून वडीलधाऱ्या बाईशी उद्धटपणा झाला, असं तिनं समितीपुढे लिहून दिलं. त्या दिवशी घरी येऊन ती जेवली, भांडी घासली आणि मग मला विचारलं की आई, मंदामावशीला खरंच ऐकू आलं नसेल का? मी म्हटलं, नसेलच आलं, नाहीतर ती गप्प बसली असती का. आता तुमच्या पत्रानं मला लेकीसमोर खोटं पाडलं.

खिचडीचं लिहिलंत. इतकी वर्षं तुम्ही माझ्या हातचं खाल्लं. मले वाटे, तुम्हाला आवडते म्हणून खाता. तो पहिला घास तुम्ही माझ्यावर केलेला उपकार म्हणून जपून ठेवला आहे, हे मला माहीत नव्हतं.

अंजूच्या अंगात रक्त कमी आहे. गोळ्या चुकवू देऊ नका, असं प्रतिक्षानं सांगितलं आहे.

ओळख असू द्यावी.
मालन


बोरटोली
१९ जानेवारी २०२५

प्रिय मालन हिला,
मंदाचा नमस्कार.

तू मला तुम्ही लिहिलंस. उरलेलं पत्र मी दुसऱ्या दिवशी वाचलं.

मग एकटीच समितीच्या अध्यक्षांकडे गेले आणि जे पाहिलं, जे ऐकलं, ते सगळं लिहून दिलं. प्रकरण मिटलं आहे, आता गावाची शांतता कायले बिघडवता, असं ते म्हणाले. मी उठले नाही. शेवटी त्यांनी कागद ठेवून घेतला आणि शिक्का मारून प्रत दिली. ती सोबत पाठवत आहे. प्रतिक्षाच्या माफीच्या कागदाला मात्र ते हात लावायला तयार नाहीत.

ह्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं आहे. विमलाबाईनं अंगणात मधोमध काट्यांचं कुंपण घातलं. त्याचं मला आता काही वाटत नाही. रडू येतं ते उपकेंद्रावरून जाताना. अजून नवी नर्स आलेली नाही. अंजूला तपासणीला मोहाडीला न्यावं लागतं.

खिचडीचं लिहायला नको होतं. ती मला आवडत होती, हेही खरं आहे. पण आता ते कोणत्या तोंडानं सांगू?

प्रत प्रतिक्षाला दाखव. उत्तर आलं नाही तरी चालेल.
मंदा


नाकाडोंगरी
८ फेब्रुवारी २०२५

ती. मंदामावशी यांना,
प्रतिक्षाचा सविनय जयभीम.

तुमचा कागद मिळाला. आईनं तो दोनदा वाचला, बाबांनाही वाचून दाखवला, पण उत्तर तू लिही म्हणाली. तिच्यावर राग धरू नका. ती अजून कोणाशीच फारसं बोलत नाही.

उशिरा का होईना, तुम्ही खरं लिहिलंत. तुमच्या घरात त्याचा किती त्रास झाला असेल, हे मला कळतं. कागद मी जपून ठेवीन. पण मावशी, एक गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. कॅन धुतला त्याचं मला त्या दिवशी इतकं लागलं नव्हतं. असं थोडंफार आम्ही पाहतच मोठे झालो.

माफीच्या कागदावर सही करताना मी तुमच्याकडे पाहिलं होतं. उशीर होऊन राहिला, कर बाई लवकर, असं अध्यक्ष दोनदा म्हणाले. तरी मी मुद्दाम सावकाश लिहिलं. माझं नाव लिहायला तुम्हीच शिकवलं होतं, तसं एकेक अक्षर सुटं काढलं. नाव पूर्ण होईपर्यंत तुम्ही काहीतरी बोलाल, असं मला वाटत होतं.

अंजूवहिनींची सुखरूप सुटका होवो, ही सदिच्छा.

आपली,
प्रतिक्षा